अनुभवी प्रोग्रॅमर आणि गेमनिर्मितीचा आरंभ

१९७२ साली कॅलिफोर्नियातील अटारी या नवजात कंपनीत ॲलन अल्कॉर्न हे तरुण अभियंते रुजू झाले, तेव्हा खेळ घडविण्याचा कसलाही अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. हात बसावा एवढ्याच हेतूने कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी टेबल टेनिसचा एक साधा खेळ पडद्यावर उभा करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, आणि त्या तालमीतून ‘पाँग’ जन्मास आला. चेंडू आपटून परत येणे ही गोष्ट कोणाही कसबी अभियंत्यास साधली असती. अल्कॉर्न यांनी मात्र बॅटचे आठ भाग कल्पून, मध्यावर लागलेला चेंडू सरळ व कडेला लागलेला तिरका परतावा अशी तजवीज केली, आणि खेळी लांबेल तसा चेंडूचा वेग वाढविला. विद्युत्-मंडलातील एका दोषामुळे बॅट पडद्याच्या माथ्यापर्यंत पोहोचत नव्हती. तो दोष त्यांनी बुद्ध्याच राहू दिला, कारण त्यावाचून दोन निष्णात खेळाडूंची खेळी संपलीच नसती. बँकेच्या वा विमा कंपनीच्या प्रणालीवर दहा-पंधरा वर्षे काढलेल्या प्रोग्रॅमरला हा निर्णय सहजी मानवत नाही, आणि त्याच्या नव्या शिक्षणाचा प्रारंभ माझ्या मते येथेच होतो.

त्याच्या जुन्या विद्येचा पुष्कळसा भाग, म्हणजे बग शोधण्याची चिकाटी, आवृत्त्यांची शिस्त आणि परक्याचा कोड वाचण्याची सवय, येथे उपयोगी पडतो; बदलते ते काळाचे भान. मागणी आली की उत्तर देऊन पुन्हा स्वस्थ बसणाऱ्या सर्व्हरहून गेमची रीत निराळी असते. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर प्रत्येक फ्रेमला सुमारे साडेसोळा मिलिसेकंदांची मुदत मिळते, आणि बटणांची दखल, हालचालींचे गणित, टकरींचा निवाडा व चित्रांकन हा सारा कारभार तेवढ्यात उरकावा लागतो. कोडातील जी क्षणिक अडखळण कचेरीच्या कामात कोणाच्या ध्यानातही आली नसती, ती येथे डोळ्यांस तत्काळ खुपते.

याहूनही मोलाचा धडा २०१८ च्या ‘सेलेस्ट’मधील उडीत आहे. खेळाडूने कड्याच्या टोकावरून उडी मारण्यास किंचित उशीर केला, पायाखालची जमीन सुटली, तरी सेकंदाच्या दशांशापर्यंत ती उडी मान्य केली जाते. डोके वरच्या कोपऱ्यास निसटते आपटले, तर गेम पात्राला गुपचूप बाजूला सरकवून वाट करून देतो. पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. परंतु खेळाडूने वेळेवरच बटण दाबल्याची त्याची स्वतःची खात्री असते, आणि येथे प्रमाण मानायची ती खात्रीच. अशी सूट किती द्यावी हे कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नसते. आकडा बदलावा, खेळून पाहावे, पुन्हा बदलावा, एवढाच इलाज.

कुशल प्रोग्रॅमरचा घात बहुधा त्याचे कौशल्यच करते. गेम लिहावयास बसलेला मनुष्य सर्व संभाव्य गेमना पुरेल असे इंजिन लिहू लागतो, वर्ष-दोन वर्षे त्याची रचना शोधत राहतो, आणि खेळण्याजोगे काही हाती लागत नाही. टेरी कॅव्हनॉ यांच्या २०१० च्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’चा कोड दहा वर्षांनी खुला झाला, तेव्हा शेकडो फाट्यांची एकच अवाढव्य स्विच-रचना त्यात आढळली. कोणत्याही कचेरीत ती नामंजूर झाली असती. परंतु गेम पूर्ण झाला होता आणि जगभर आवडीने खेळला गेला होता.

इंजिनाच्या निवडीचा मामला मला तेवढा गहन वाटत नाही. सी-शार्प जाणणाऱ्यास युनिटी आणि सी-प्लसप्लस जाणणाऱ्यास अनरिअल जवळचे. पुण्यात घडलेला ‘राजी’ अनरिअलवरच उभा आहे. युनिटीने २०२३ मध्ये गेमच्या प्रतिष्ठापनांवर शुल्क जाहीर करून पुढल्या वर्षी ते मागे घेतले, तेव्हापासून मुक्त परवान्याच्या गोडोकडे पुष्कळांचा ओढा आहे, आणि एकट्याने आरंभ करणाऱ्यास मी तेच सुचवीन.

पहिला गेम मात्र लहान असावा. ‘सेलेस्ट’चे मूळ रूप २०१५ साली पिको-८ या काल्पनिक कन्सोलवर चार दिवसांत तयार झाले होते. ‘पाँग’ किंवा ‘टेट्रिस’ स्वतः बांधावा, आरंभीचा पडदा, ध्वनी आणि विराम यांसह पुरा करावा, आणि परक्याच्या हाती देऊन, मध्ये एक शब्दही न बोलता, तो कोठे अडतो ते पाहावे. राजीनाम्याची घाई तर मुळीच करू नये: एरिक बॅरोन यांना ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने पुरी करण्यास सुमारे साडेचार वर्षे लागली, आणि त्या काळात ते सिॲटलमधील एका नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी करीत होते.