नागावच्या कॉटेजमध्ये काम करताय? ड्युटीचा हिशोब मोबाईलवर असा ठेवा

शनिवार उजाडला की मांडव्याला उतरलेले मुंबईकर अलिबागमार्गे नागावला पोहोचतात आणि वाडीतल्या कॉटेज फुल्ल होतात. अशा वेळी सकाळी सहाला पोह्यांची कढई चढवणारा मुलगा रात्री अकराला जेवणाची भांडी आवरत असतो. महिनाअखेर पगार हातात येतो, पण जादा तासांचं काय? ‘बघू नंतर’.

कर्मचाऱ्यांचा कामाचा अनुभव सुधारायचा म्हटलं की मोठ्या कंपन्यांची महागडी ॲप्स आठवतात. आठ-दहा माणसांच्या कॉटेजला त्यांची गरज नाही. इथली कटकट तीनच प्रश्नांची: उद्या ड्युटी किती वाजता? सुट्टी कधी? जादा कामाचे पैसे किती? उत्तरं फुकटच्या ॲप्समध्येच आहेत.

१. ड्युटीचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप
गप्पांच्या ग्रुपमध्ये ड्युटीचा मेसेज वाहून जातो. म्हणून वेगळा ग्रुप काढा. सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करा. आठवड्याचं वेळापत्रक टाकून ते ७ दिवसांसाठी पिन करा. शनिवार-रविवार गर्दीचे, म्हणून सुट्टी मधल्या वारी येणार. पण कोणाला कोणता वार, हे पोल टाकून विचारा.

२. तासांसाठी गूगल शीट
तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि तास, एवढे चार रकाने पुरतात. शीट वेळेला दिवसाचा अंश मानते, म्हणून गेल्याच्या वेळेतून आल्याची वेळ वजा करून २४ ने गुणा, तास मिळतात. रात्री १२ नंतर सुटत असाल तर दोन्ही वेळांसोबत तारीखही लिहा, नाहीतर उत्तर उणे येईल. दुपारची विश्रांती वजा करायला विसरू नका.

मालकांनी कामगारांना शीटवर कॉमेंट करण्याची परवानगी द्यावी. तास चुकले तर तिथेच सांगता येतं. मात्र शीटमध्ये नंतर काय बदललं, ही हिस्ट्री फक्त एडिट करणाऱ्यालाच दिसते. म्हणून कामगारांनो, दर आठवड्याला स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. ई-श्रम नोंदणी
२६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या या सरकारी पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना मोफत नोंदणी करता येते. पीएफ किंवा ईएसआय कापला जात नसेल तर आधार आणि मोबाईल नंबर वापरून १२ अंकी क्रमांक मिळवा.

ही नोंद का हवी?
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. पण कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्यातल्या बहुतेक तरतुदी लागू नाहीत. म्हणजे छोट्या कॉटेजमध्ये जे ठरतं ते बोलून ठरतं. बोललेलं सीझन संपेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही, लिहिलेलं राहतं.

मालकांनो, एक लक्षात ठेवा: याच फोनवरून दिवसभर लाइव्ह लोकेशन मागितलंत किंवा सुट्टीच्या दिवशी दहा मेसेज टाकलेत, तर सगळी मेहनत पाण्यात. ऐन मे महिन्यात अनुभवी आचारी सोडून गेला तर नवा शोधताना जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा एक शीट भरणं सोपं.

आजपासूनच सुरुवात करा. आज किती वाजता कामावर आलात, तेवढं लिहा.