जनुकसंचातील स्थाननिर्देशकांवरून डीएनए क्रम मिळविणे : सिकलसेल जनुकाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि ए, टी, जी व सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर अभ्यासकांना खुला झाला. या मजकुरातून नेमका हवा तो उतारा काढणे हे जैवमाहितीशास्त्रातील नित्याचे काम आहे. संशोधनाचे निष्कर्ष पुष्कळदा अक्षरांच्या रूपात हाती न येता पत्त्याच्या रूपात येतात. गुणसूत्र कोणते, आरंभ कोठे, शेवट कोठे, एवढेच त्यात असते. असे पत्ते साठविण्यासाठी बेड नावाची साधी, टॅबने विभागलेली मजकूर-फाइल वापरतात. पत्त्यावरून क्रम काढण्याचे काम संगणक क्षणात करतो. परंतु पत्ता चुकीचा वाचला गेला तरी तो तक्रार करीत नाही, हीच यातील खरी अडचण होय.

मोजणीच्या दोन रीती :

सिकलसेल आजाराचे उदाहरण घेऊ. विदर्भ, नंदुरबार व गडचिरोली भागातील आदिवासी समाजांत हा आजार परिचित आहे. बीटा ग्लोबिन जनुकातील जीएजी या कोडॉनमधील मधले अक्षर बदलून जीटीजी होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचजी ३८ या संदर्भ-जनुकसंचात हे मधले अक्षर अकराव्या गुणसूत्रावर ५२,२७,००२ या स्थानी आहे. म्हणजे संपूर्ण कोडॉन ५२,२७,००१ ते ५२,२७,००३ असा तीन अक्षरांचा.

बेड फाइलमध्ये मात्र हा पत्ता ५२,२७,००० ते ५२,२७,००३ असा लिहावा लागतो. बेडची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा आकडा उताऱ्यात धरला जात नाही. अक्षरांना क्रमांक देण्याऐवजी अक्षरांमधील फटींना क्रमांक दिले आहेत असे समजल्यास ही रीत सहज ध्यानात येते. शेवटातून आरंभ वजा केला की लांबी मिळते, हा तिचा फायदा. जीएफएफ व व्हीसीएफ या फाइलींत मोजणी एकापासून होते. 'सॅमटूल्स फेडेक्स' या साधनाला दिला जाणारा पत्ताही एकापासूनच मोजलेला असतो.

हा फरक विसरून आरंभ आणि शेवट दोन्ही एकाने पुढे लिहिले, तर काय होते? जनुकाच्या दिशेने वाचता जीएजीऐवजी टीजीए ही अक्षरे हाती येतात. टीजीए हा प्रथिननिर्मिती थांबविणारा कोडॉन आहे. निरोगी जनुकात विराम-कोडॉन सापडल्याचा भास नवख्या अभ्यासकाला होईल, आणि संगणकाच्या दृष्टीने मात्र सारे सुरळीत पार पडलेले असेल.

धागा आणि आवृत्ती :

ॲरन क्विनलन व आयरा हॉल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बेडटूल्स' या साधनसंचातील 'गेटफास्टा' ही आज्ञा प्रस्तुत कामासाठी सर्वाधिक सोयीची आहे. तिला संदर्भ-जनुकसंचाची फास्टा फाइल आणि बेड फाइल दिली की क्रम मिळतो. वर दिलेला अचूक पत्ता दिला, तरी उत्तर येते सीटीसी! कारण बीटा ग्लोबिन जनुक उलट, म्हणजे ऋण धाग्यावर आहे आणि फास्टा फाइलमध्ये धन धाग्याचाच मजकूर असतो. बेडच्या सहाव्या स्तंभात ऋण चिन्ह लिहून आज्ञेला 'एस' हा पर्याय जोडल्यावरच उलट-पूरक क्रम, म्हणजे जीएजी, मिळतो. केवळ चिन्ह लिहून पर्याय जोडला नाही, तर चिन्हाकडे दुर्लक्ष होते.

आवृत्तीचा घोटाळा याहून मोठा असतो. २००९ च्या एचजी १९ या आवृत्तीत तेच अक्षर ५२,४८,२३२ या स्थानी होते. जुन्या शोधनिबंधातील हा आकडा नव्या आवृत्तीवर वापरला, तर २१,२३० अक्षरांचे अंतर पडते. जनुक स्वतः जेमतेम १,६०० अक्षरांचे. अशा क्रमावरून पीसीआरसाठी प्रायमर मागविले, तर त्यांत हा बदल सापडणारच नाही. त्यामानाने गुणसूत्राच्या नावातील तफावत, एकीकडे 'सीएचआर ११' व दुसरीकडे नुसते '११', निरुपद्रवी म्हणावी लागेल. साधन निदान सूचना तरी देते.

संदर्भ आणि रुग्ण :

या रीतीने मिळणारा क्रम संदर्भ-जनुकसंचाचा असतो, रुग्णाचा नव्हे. रुग्णातील बदल व्हीसीएफ फाइलमध्ये असतात आणि 'बीसीएफटूल्स कन्सेन्सस' ही आज्ञा ते संदर्भावर बसविते. सिकलसेलच्या वाहकामध्ये धन धाग्यावर एका प्रतीत टी व दुसरीत ए असते. अशा जागी दोन्हींचा निर्देश करणारे डब्ल्यू हे अक्षर लिहून घेण्याची सोय या आज्ञेत आहे. ती न वापरल्यास वाहक आणि रुग्ण यांचे क्रम एकसारखे दिसू शकतात; विवाहपूर्व समुपदेशनात तर नेमका हाच भेद पाहावयाचा असतो.