रंग झाला, पण गाडी झाली का?

घरच्या घरी जुनी मोटार नव्याने बांधणाऱ्या गृहस्थावर खरे संकट येते ते काम संपत आल्यावर. तोपर्यंत शेजारी हसत असतात आणि घरची मंडळी वैतागलेली असतात. पण एकदा रंग चढला, क्रोमच्या पट्ट्या लखलखू लागल्या, बैठकीवर नवे रेक्झिन आले की सारी गल्ली गोळा होते आणि जो तो विचारतो, "मग काय, भाऊबीजेला वर्ध्याला जायचे ना हिच्यातून?" आमच्या पुलगावसारख्या गावात या प्रश्नाला नाही म्हणणे कठीण. तरीही म्हणावे.

आपल्याकडे अशी गाडी पुष्कळदा फियाट असते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही लेक; 1964 मध्ये ती 'डिलाइट' झाली, 1974 पासून 'पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत राबली. 1089 घन सेंटिमीटरच्या तिच्या इंजिनाची धास्ती घेण्याचे कारण नाही. जुना मिस्त्री त्याला नुसत्या आवाजावरून ओळखतो. धास्ती घ्यावी ती ब्रेकची.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी वाट एकच. एखादी रबरी नळी फुटली की पेडल सरळ तळाला जाते आणि चारही चाके मोकळी! शिवाय ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की सिलिंडर आतून गंजतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून नळ्या, रबरी वायसर, तेल, सारे नवे घालावे. बैठकीचे कापड पुढच्या वर्षी आणले तरी चालते. मागच्या बैठकीवर मुले बसणार आहेत.

टायरचेही तेच. नक्षी कोरी दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाचावेत: 3518 म्हणजे 2018 सालचा पस्तिसावा आठवडा. पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. रेडिएटरची परीक्षा मात्र दिवाळीच्या गारव्यात होत नाही. ती वैदर्भीय वैशाखात होते!

मग कागदपत्रे. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणी करून ती वाढवावी लागते. तिथे चॅसिसचा नंबर पाहतात. तेव्हा पुट्टी आणि रंगाखाली तो बुजवू नये! विमा आणि धुराचा दाखला हवाच. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्र सरकारने वेगळा नियम केला. वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. मान मोठा; पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याला बहिणीला आणायला जायचे आहे त्याने साधी नोंदणीच वाढवावी, असे माझे मत.

एवढे झाल्यावर पहिली फेरी एकट्याने, मोकळ्या मैदानात, सावकाश. दुसरी नाचणगावपर्यंत. परत आल्यावर चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एकच ड्रम इतरांहून तापला असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. चाकांचे नट पुन्हा आवळावेत. रात्रभर गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावरचे डाग सांगतात, कुठे काय गळते ते. असे चार-सहा दिवस निर्वेध गेले म्हणजे मग वर्धा. तीही जुन्या रस्त्याने. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो खरा, पण ताशी 120 किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांच्या रांगेत या बाईला नेऊन उभे करू नये.