यहुदी आख्यान, मराठी चाल

1880 साल म्हटलं की मराठी माणसाला किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आठवतं. त्याच वर्षी मुंबईत बेने इस्रायल या यहुदी समाजातल्या काही तरुणांनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन केलं. हिंदू कीर्तनं ऐकून ही मंडळी भारावली होती. आपल्या धर्मकथाही अशाच उभ्या राहून, गाऊन, टाळाच्या ठेक्यावर सांगता येतील असं त्यांच्या मनाने घेतलं. या प्रयत्नांत बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांचं नाव अग्रभागी येतं. धर्माचं शिक्षण, संगीत आणि विनोद एकाच बैठकीत समाजापुढे ठेवणारा हा यहुदी प्रयोग मराठीत झाला, आणि मराठी कीर्तनाच्या इतिहासात त्याला मानाचं पान मिळायला हवं.

या प्रयोगाची निकड समजून घ्यायची तर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जावं लागेल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावंही गावांवरून पडली: किहीमचे केहिमकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतकं जपली. हिब्रू मात्र हातून गेली. सणांना नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण अशी मराठी नावं पडली. सण पाळले जात, पण त्यांच्यामागच्या कथा विरत चालल्या होत्या.

पुढे कोचीनच्या यहुद्यांकडून प्रार्थना आल्या. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या आणि बायबलमधल्या कथा छापील मराठीत हातात आल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तर हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा सुरू केली. एवढं झालं तरी पुस्तक साक्षराच्या हातात आणि हिब्रू प्रार्थना जाणकारांच्या तोंडी राहणार. घरातली आजी, गिरणीतला फिटर, कडेवरचं पोर यांच्यापर्यंत मोशे पोहोचवायचा कसा? अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी हाच प्रश्न कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या कीर्तनांतून आधीच हाताळला होता. बेने इस्रायलांनीही कीर्तनच निवडलं, आणि माझ्या मते याहून चांगली निवड असूच शकत नव्हती.

कीर्तनाची बांधणीच शिकवण्यासाठी झालेली आहे. पूर्वरंगात एक तत्त्व घ्यायचं आणि दाखले देत त्याचा उलगडा करायचा; उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून जगून दाखवायचं. मूर्तीपुढचं नमन यहुदी धर्मात शक्य नाही, तेव्हा स्तवन एका निराकार देवाचं. बाकी साचा जसाच्या तसा उपयोगी पडतो. अब्राहाम, योसेफ, मोशे हे आख्यानाचे नायक झाले आणि साकी, दिंडी, आर्या या ओळखीच्या वृत्तांत त्यांच्या कथा बांधल्या गेल्या. योसेफाची कथा घ्या. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, मग परदेशी व्यापाऱ्यांना विकलं. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला मिसरात येतात आणि समोरचा अधिकारी योसेफच आहे हे ओळखत नाहीत. तो मात्र त्यांना ओळखतो आणि बाजूला जाऊन रडतो. भावकीचं दुःख माहीत असलेल्या कोकणातल्या श्रोत्याला इथे भाष्याची गरज नाही. कीर्तनकार गद्यात प्रसंग रंगवत नेतो, गळा भरून येतो तिथे पद उचलतो, आणि ऐकणारा ती कथा चालीसकट घरी नेतो.

विनोदाचं काय? धर्माच्या बैठकीत हसणं यहुदी परंपरेला मुळीच परकं नाही. तालमूद या धर्मग्रंथात रब्बा या आचार्यांविषयी सांगितलं आहे की पाठ सुरू करण्यापूर्वी ते काहीतरी गमतीचं बोलत, शिष्य हसत, आणि मग गांभीर्याने अध्ययनाला बसत. पूर्व युरोपातल्या यहुदी लग्नांत ‘बादखन’ नावाचा कलावंत असे. तो यमकं जुळवून वऱ्हाडाला हसवायचा, नवरीला रडवायचा आणि त्यातच धर्मवचनं पेरायचा. विल्नाचा एल्याकुम झुन्झर हा त्यांतला फार नावाजलेला. आपल्या कीर्तनकाराशी त्याचं नातं पाहताक्षणी पटतं, दोघे एकमेकांना कधी भेटले नसले तरी.

एस्तेरच्या कथेत तर कीर्तनकाराला केवढा वाव आहे! यहुद्यांचा संहार करू पाहणाऱ्या प्रधान हामानला राजा विचारतो, ज्याचा सन्मान करायचा त्याचं काय करावं? हामानला वाटतं, हा मान आपलाच. तो सुचवतो: राजवस्त्रं, राजाचा घोडा, पुढे ललकारी. राजा म्हणतो, छान, आता हे सगळं एस्तेरच्या नात्यातल्या मर्दखयासाठी कर. आणि ज्याला फासावर चढवायचं त्याच मर्दखयाच्या घोड्यापुढे हामानला ललकाऱ्या देत चालावं लागतं. ही कथा वाचली जाते त्या पुरीमच्या सणाला हामानचं नाव येताच सिनेगॉगमध्ये पोरं गलका करतात, पाय आपटतात. संहाराच्या सावटातून सुटलेल्या माणसांचं ते हसू आहे. त्यात दुबळ्याने जुलमी माणसावर मिळवलेला विजय आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले: अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बेरशेबा. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि 1962 मध्ये त्यांना सत्याग्रहाला बसावं लागलं. 1964 मध्ये ती शंका अधिकृतपणे दूर झाली. ज्या समाजाने मराठीतून मोशेची कीर्तनं केली, त्याच्याकडे यहुदी असल्याचा पुरावा मागितला जावा, हे वाचून आजही संताप येतो. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं. मलिदा या विधीच्या वेळी पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट ठेवून प्रेषित एलियाहू हनाबीचं स्मरण होतं, ते तिथे आणि इथेही. कीर्तनं मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विरळ झाली. पदं टिकली ती मुख्यतः बायकांच्या गळ्यात आणि त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्यांत.

या पदांची खरी अडचण चालींची आहे. त्या काळच्या कीर्तनाच्या पुस्तिकांत पदाच्या डोक्यावर एखाद्या लोकप्रिय पदाचं नाव देऊन ‘याची चाल’ एवढंच लिहायची रीत होती; स्वरलेखन नसे. ते मूळ पद विसरलं गेलं की छापील शब्द मुके होतात. म्हणून ज्यांना या चाली येतात त्यांच्याकडून त्या आत्ताच ध्वनिमुद्रित करून घ्यायला हव्यात, मुंबई-ठाण्यात तशाच लोद-अश्दोदमध्ये. आणि कीर्तन शिकणाऱ्या आजच्या मुलामुलींनी ध्रुवाच्या आणि प्रल्हादाच्या आख्यानांबरोबर योसेफाचंही एक आख्यान तयार करावं. साकी त्यांना येते, दिंडी येते. कथा मराठीत आहेच.