सेंद्रिय काय घ्यावं? प्रश्न एक नाही, दोन आहेत

'सेंद्रिय घ्यावं का?' असं आपण विचारतो, तेव्हा त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. ते आधी वेगळे करू.

पहिला प्रश्न, आपल्या पोटात काय जातं? इथे निकष सोपा आहे. जे सालीसकट, कच्चं खातो ते आधी: द्राक्षं, कोथिंबीर, टोमॅटो. कांदा, नारळ, केळं आपण सोलूनच खातो. तिथे घाई नाही. धुतल्याने वरचं औषध बरंचसं जातं, आत मुरलेलं जात नाही. पाकिटावर सेंद्रिय असल्याचं अधिकृत चिन्ह पाहावं. 'नैसर्गिक' हा नुसता शब्द म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा प्रश्न, फवारा कोणाच्या अंगावर येतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. विदर्भात त्याच कपाशीत तुरीचं आंतरपीक घेतात. डाळ आपण धुऊन, शिजवून खातो, म्हणून पहिल्या यादीत ती तळाशी राहते. दुसऱ्या यादीत मात्र ती वर चढते.

पैसे मोजके असतील तर पहिली यादी पुरे; सेंद्रियच्या हट्टापायी घरातली भाजी कमी करू नये. चार पैसे जास्त असतील, तर ते डाळीवर खर्चावेत. तिथे आपण आपल्या तब्येतीची नव्हे, फवारणाऱ्याच्या श्वासाची किंमत मोजत असतो.