घाईत घडणारी पेशी
सिकलसेल हा यवतमाळ जिल्ह्यालाही भेडसावणारा आनुवंशिक रक्तविकार. प्रयोगशाळेत निरोगी रक्तपेशी घडवायच्या, तर आधी मूलपेशीची लय ओळखावी लागते. मानवी भ्रूणाच्या मूलपेशीचे चक्र सुमारे १६ तासांत पूर्ण होते. कारण डीएनएची नक्कल करण्यापूर्वीचा ‘जी-१’ हा टप्पा ती जेमतेम तीन तासांत उरकते. हा टप्पा लांबला, की रक्त, मज्जातंतू वा स्नायू होण्याचा संकेत स्वीकारण्यास तिला अवसर मिळतो.

मात्र या पेशी मिळवताना सहसा भ्रूण नष्ट होतो. अहिंसेची चाड असणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००७ साली मानवी त्वचापेशींनाच मूलपेशीची अवस्था मिळवून दिली. त्यांचेही चक्र तितकेच वेगवान. उपचाराची वाट लांब आहे; पण भ्रूणहानीविना ती चालता येईल, ही आशा मोलाची.