शिकवायला कोणीही चालतं

३१ मार्च २०१८ ला प्रौढांना साक्षर करणारी ‘साक्षर भारत’ योजना बंद झाली. आता ‘उल्लास’ आहे. त्यात शिकवायचं स्वयंसेवकांनी, तेही मानधनाशिवाय. शिक्षक चालतील, शाळेतली मुलं चालतील, घरातली शिकलेली सून चालेल. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला शिकवता येतं, असा हा सरळ हिशेब. प्रौढांना शिकवण्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात पडून आहे, त्यामुळे मला हे जरा जास्तच झोंबतं.

मागचा इतिहास उरकून टाकते. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. प्रौढ शिक्षणावरचं प्रत्येक भाषण तिथूनच सुरू होतं. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. कंदिलाचा उजेड आणि शिकवणाऱ्याला महिना ५० रुपये. १९८८ मध्ये साक्षरता मिशन, मग नव्वदीतली संपूर्ण साक्षरता मोहीम. कलापथकं, प्रभातफेऱ्या, भिंतीभिंतींवर घोषणा. त्या फेऱ्यांत शाळेच्या गणवेशात मीही घसा कोरडा करत होते. फेरी संपली की लिमलेटची गोळी मिळायची, त्यापलीकडे काही आठवत नाही.

आठवतं ते पुढचं. ८ सप्टेंबर २००९ ला ‘साक्षर भारत’ जाहीर झालं. देशभरातल्या ७ कोटी प्रौढांना साक्षर करायचं, त्यात ६ कोटी बायका. २००१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता निम्म्यापेक्षा वर गेली नव्हती, ते जिल्हे घेतले. आमचा जालना त्यात बसला. असल्या यादीत आम्ही सहसा चुकत नाही. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांत भोगवर्धनची, म्हणजे आमच्या भोकरदनची माणसं आहेत. त्यांची नावं तिथं दगडात कोरलेली आहेत. त्याच गावात दोन हजार वर्षांनी बँकेच्या खिडकीपुढे अंगठ्याला शाई लागत होती.

ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र, ते चालवायला दोन प्रेरक, प्रत्येकी महिना २००० रुपये. मी प्रेरिका झाले. पहिल्याच आठवड्यात एका मावशीनं सांगून टाकलं, “बाई, माह्या गवऱ्या मसणात गेल्या, आता काय करू शिकून?” त्यांना बचतगटाच्या वहीत सही मात्र करता येत होती. त्याच सहीतलं शेवटचं अक्षर वेगळं काढून दाखवा म्हटलं, तर त्या गप्प. सही त्यांनी रांगोळीसारखी पाठ केली होती. सर्वेक्षणात अशी बाई कुठल्या रकान्यात टाकायची, ते वरून आलेल्या कुठल्याच पत्रात नव्हतं.

प्रमाणपत्राचा अभ्यास याच काळात केला. त्याच्या प्रवेशाला पदवी लागायची, म्हणून बऱ्याच प्रेरक दारातच अडल्या. प्रेरक म्हणून त्यांना दहावीवर घेतलं होतं. पुस्तकं मराठीत नव्हती. घर, शेत आवरून रात्री पाउलो फ्रेरे वाचायचा. शिकणाऱ्याच्या डोक्यात माहिती ठेवीसारखी भरत जाणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्या ब्राझीलच्या माणसाचं म्हणणं. नोल्स नावाच्या अमेरिकनानं लिहिलंय की मोठा माणूस स्वतःच्या गरजेपोटी शिकतो, अनुभव गाठीला घेऊन येतो. यासाठी अमेरिकेला जायला नको होतं, असं तेव्हा वाटलं. पण वाचल्यावर मी एक काम केलं. वाचनपाठ बाजूला ठेवून बायकांना विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय?

उत्तर एकच: काटा. आमच्याकडे मिरची मोठी. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार दूरवर माहीत आहे. तोडणीची मजुरी किलोवर. काटा इलेक्ट्रॉनिक, त्यावरचे आकडे इंग्रजी, आणि आमच्या पुस्तकात मराठी. म्हणजे पुस्तक पुरं केलेली बाईसुद्धा काट्यापुढे अडाणीच. एसटीचा नंबर, मोबाइल, वीजबिल, सगळीकडे तेच. मग मी इंग्रजी आकड्यांपासून सुरुवात केली. तोंडी हिशेबात त्या माझ्यापुढे होत्या. किलोचा भाव आणि वजन सांगितलं की मजुरी ओठांवर. फक्त तेच आकडे कागदावर उतरवायचे होते. पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायच्या, टोक मोडायचं, मग पदर तोंडाला लावून हसायच्या. लहान पोराच्या हातात हात धरून गिरवून घेता येतं. पन्नाशीच्या बाईचा हात असा धरला तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. पाटी तिच्याजवळ ठेवायची आणि आपण दुसरीकडे बघायचं. हे शाळेतल्या पोराला कोण शिकवणार?

काही महिन्यांनी त्यातल्या दोघींनी वजन पुन्हा करायला लावलं. मुकादमानं सरपंचांकडे माझी तक्रार केली. माझ्या लेखी तो निकाल होता.

सरकारी निकाल वेगळा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची चाचणी. वाचन, लेखन, गणित मिळून १५० गुण. ती व्हायची मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी, ऑगस्टमध्ये खुरपणी आणि मिरचीची तोडणी. तारखा ठरवणाऱ्यानं शेत कधी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. मजुरी बुडवून बायका यायच्या आणि वर्गात नातवाला मांडीवर घेऊन पेपर लिहायच्या. याच काळात, २०१६ च्या महिला दिनी, मुरबाडजवळच्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यांतल्या त्या आज्यांचे फोटो जगभर गेले. चांगलंच झालं. आमच्या बायकांना तशी लुगडी नको होती, चाचणीच्या दिवसाची मजुरी तरी द्या एवढं मागणं होतं. ते कुणी ऐकलं नाही.

माझं प्रमाणपत्र हातात पडलं तोवर योजना मोडीत निघाली होती. नंतर एका भरतीच्या वेळी ते पुढं केलं, तर खिडकीतल्या माणसानं उलटंपालटं करून विचारलं, “हे बी.एड. आहे का?” नाही म्हटल्यावर ते बाजूला ठेवलं. आमच्यातल्या बऱ्याच जणी आता ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचतगटांचं काम करतात, एक शिवणकाम करते. ‘उल्लास’च्या चाचणीच्या दिवशी शाळेतले गुरुजी एकेका घरी जाऊन माणसं गोळा करतात आणि कमी पडली की आम्हालाच फोन लावतात: “ताई, तुमच्या त्या जुन्या बायकांना पाठवता का?”

प्रेरकांच्या शेवटच्या काही महिन्यांचं मानधन अजून यायचं आहे. कार्यालयात विचारायला गेलं की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. मागच्या खेपेला तिथल्या नव्या मुलानं नम्रपणे विचारलं, “मॅडम, ही योजना नेमकी कुठली?”